नुसत्या ‘हाय’ने गाडी पुढे जाते का? रत्नागिरीत राहून डेटिंग अ‍ॅप वापरल्यावरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी टिंडर, बंबल आणि हिंज ही तिन्ही अ‍ॅप फोनवर घेतली. आता आंबा संपत आलाय आणि त्यातली दोन अजून वापरात आहेत. मी रत्नागिरीत राहते, तिशीतली आहे, नोकरी करते. अ‍ॅपमधली बटणं कशी चालतात हे कुठेही वाचायला मिळतं. पण मैत्रिणी आणि त्यांचे भाऊ मला विचारतात ते वेगळंच: पहिला मेसेज काय टाकायचा? साधं ‘हाय’ चालतं का? मुंबई-पुण्याबाहेर राहणाऱ्यांसाठी याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही, म्हणून इतक्या महिन्यांत जे दिसलं ते लिहिते.

‘हाय’ला उत्तर येतं. विशेषतः बाईने पुरुषाला पाठवलं तर बहुतेक वेळा येतं. पण ते उत्तरही ‘हाय’च असतं, आणि पुढचं सगळं तिथेच अडतं.

हे बंबलवर सगळ्यात स्पष्ट दिसलं. तिथे पुरुष आणि बाई जुळले, म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलं, की पहिला मेसेज बाईने पाठवायचा, तोही २४ तासांत, आणि मग पुरुषाकडेही उत्तराला २४ तास. नाहीतर जुळणी संपते. मी सुरुवातीला मुद्दाम फक्त ‘हाय’ पाठवून बघितलं. ‘हाय’ आलं. ‘कशी आहेस’ आलं. ‘मजेत, तू?’ ‘मी पण मजेत.’ संपलं. दोन दिवसांनी ते नाव यादीत दिसलं तेव्हा हा कुठचा, काय करणारा, काही आठवेना. त्यालाही माझं आठवत नसणार. दोघांपैकी कुणीच उद्धट नव्हतं, कुणी वाईट वागलं नव्हतं. धरायला काही नव्हतं इतकंच.

२०२४ पासून बंबलवर बाईला आधीच एखादा प्रश्न लावून ठेवता येतो, जुळणी झाली की पुरुष त्याचं उत्तर देऊन सुरुवात करतो. तयार प्रश्न आहेत, स्वतःचाही लिहिता येतो. मी लिहिला: ‘तुमच्या घरी मासे कोण साफ करतं?’ या एका प्रश्नाने माझा अनुभव बदलला. एकाने ‘आई करते, मी फक्त खातो’ असं सरळ सांगितलं. दुसऱ्याने कर्ली कशी चिरायची म्हणजे काटे दाताखाली येत नाहीत, ते चार ओळींत लिहिलं. एक जण शाकाहारी घरातला, त्याने लिहिलं, ‘आमच्याकडे फणस कोण साफ करतं ते विचार, हाताला तेल लावून मीच बसतो.’ त्याच्याशी त्या रात्री बराच वेळ बोलले. घरात कोण काम करतं, आईबद्दल हा माणूस कसा बोलतो, प्रश्नावर चिडतो की रमतो, हे सगळं पहिल्या उत्तरातच थोडंथोडं कळतं. कोकणात राहणाऱ्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तो प्रश्न रिकामा ठेवू नका आणि तयार यादीतलाही घेऊ नका. आपल्या स्वयंपाकघरातला, आपल्या वाडीतला विचारा.

टिंडरवर चित्र उलटं. तिथे जुळणी झाल्यावर कुणीही आधी लिहू शकतं, आणि बहुतेक पुरुषच लिहितात. मेसेजच्या यादीत पहिलीच ओळ दिसते. एकाखाली एक ‘हाय’, ‘हॅलो’, ‘हाय डिअर’, ‘हॅलो जी’. रात्री जेवणं आवरून, डबे घासून हातात अर्धा तास असतो. त्यात जिच्यात माझ्या प्रोफाइलमधलं काही दिसतं ती ओळ आधी उघडली जाते. बाकीच्यांचा राग नसतो, तिथपर्यंत पोचणंच होत नाही.

हे काही आपल्याकडचंच नाही. ओकेक्युपिड या अमेरिकी डेटिंग साइटने २००९ मध्ये पाच लाखांहून जास्त पहिल्या मेसेजांचा हिशोब मांडला होता. ‘हाय’, ‘हे’, ‘हॅलो’ या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सुरुवाती त्यात सरासरीपेक्षा मागे पडल्या. ‘कसं चाललंय’ या धर्तीच्या सुरुवाती पुढे होत्या. अभिवादन न करता थेट विषयाला हात घालणाऱ्यांनाही नुसत्या ‘हाय’पेक्षा जास्त उत्तरं मिळाली होती. दिसण्याची स्तुती करणारे मागे पडले, समोरच्याच्या आवडीचं नाव घेणारे पुढे गेले. आकडे जुने आणि परदेशातले आहेत, पण माझी यादी उघडल्यावर त्यातला मुख्य मुद्दा मला रोज पटतो.

याचा अर्थ लांबलचक लिहावं असा मात्र नाही. एलिझाबेथ ब्रुच आणि मार्क न्यूमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या चार शहरांतल्या डेटिंग मेसेजांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लांब मेसेज लिहिल्याचा फायदा फक्त सिएटलमध्ये दिसला, न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागोत नाही. मलाही पहिल्याच मेसेजात शिक्षण, पगार, भावाची नोकरी, चिपळूणजवळचा प्लॉट असं सगळं आलेलं आहे. तो स्थळाचा बायोडेटा होता. तो वाचून प्रतिसाद द्यायचा म्हणजे निर्णयच द्यायचा, गप्पा कशा मारणार?

आता आपल्या भाषेची अडचण. मराठीत अनोळखी माणसाला साधं ‘कशी आहेस’ म्हणायचं तरी आधी तू की तुम्ही ते ठरवावं लागतं. ‘कशी आहेस’ लगट वाटेल, ‘कशा आहात’ म्हटलं तर बँकेत आल्यासारखं. मला वाटतं आपल्याकडच्या मुलांच्या ‘हाय’मागे आळसापेक्षा ही अडचण जास्त असते. ‘हाय’मध्ये तू नाही, तुम्ही नाही, चूक होण्याची भीती नाही. ‘नमस्कार’ मला मनापासून आवडतं, पण त्याला जोडून ‘ताई’ आलं की बोलण्याची दिशाच बदलते. मी स्वतः आता ‘तू’ने सुरुवात करते आणि समोरच्याला ‘तू’च म्हण असं लगेच सांगते. त्याने त्याचा अर्धा संकोच जातो.

‘जेवलीस का’बद्दल वेगळं लिहायला हवं. ‘जे१ झालं का’ म्हणून या प्रश्नाची सगळीकडे टिंगल होते, मला ती पटत नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी दिल्यावर पुढचा प्रश्न जेवणाचाच असतो, आणि तो मनापासून विचारलेला असतो. मेसेजमध्ये फसतो तो एवढ्याचसाठी, की उत्तर ‘हो’ एवढंच. तोच प्रश्न ‘आज काय होतं जेवायला?’ असा आला की मी लिहिते, आणि लिहिता लिहिता बोलणं सुरू होतं. श्रावणात तर त्यावर हमखास काहीतरी बोलायला असतं.

आणखी एक, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. पुष्कळदा समोरचा ‘हाय’ लिहितो कारण दुसरं लिहायला आपण काही ठेवलेलंच नसतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणी चेहरा लावायला माणसं घाबरतात. शेजारच्या काकांचा मुलगा, ऑफिसमधला शिपाई, बहिणीचा दीर, कुणीही समोर येऊ शकतो. म्हणून भाट्याचा सूर्यास्त, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरची बाइक, एखादं फूल असे फोटो असतात आणि माहितीची जागा कोरी. भीती खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. बाईच्या बाबतीत ‘कोणाची गो तू?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी बाजारात येऊ शकतो. पण चेहरा न दाखवताही दोन ओळी लिहिता येतात. मी लिहिलंय की मला खाडीत होडीने जायला आवडतं आणि सोलकढी मी घरी काढलेल्या आगळाचीच, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचीच करते. आगळावर आलेल्या मेसेजांची बोलणी सर्वांत जास्त टिकली.

हिंजची रचना या बाबतीत सर्वांत बरी. तिथे लाइक एखाद्या विशिष्ट फोटोला किंवा उत्तरालाच द्यावं लागतं आणि सोबत टिप्पणी लिहिता येते, म्हणजे ‘हाय’ला जागाच कमी. मात्र मला तिथे आसपासची माणसं फार थोडी दिसली. कोल्हापूर, गोवा आणि मुंबई यांवरच वेळ जातो.

अंतराचं आपल्याकडे वेगळंच आहे. अ‍ॅप अंतर सरळ रेषेत धरतं, मध्ये खाडी आहे हे त्याच्या हिशोबात नाही. दाभोळचा माणूस धोपाव्याच्या मुलीला अगदी शेजारी दिसतो, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट चुकली की चिपळूणवरून वळसा. जयगड-तवसाळचं तेच. म्हणून ‘हाय, फेरीबोटीच्या अलीकडचा की पलीकडचा?’ हा माझा ठरलेला पहिला मेसेज झालाय. इथल्या माणसाला तो लगेच कळतो, आणि इथे न राहणारा, नुसतं ठिकाण बदलून बसलेला माणूस त्यातून ओळखूही येतो.

गणपतीत आणि शिमग्यात यादी भरून जाते, चाकरमानी गावी आलेले असतात. त्या दिवसांत ‘हाय, कुठची वाडी?’ एवढंही पुरतं, कारण दोघांच्याही घरात तीच गडबड चाललेली असते. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की तीच माणसं दोनशेहून जास्त किलोमीटरवर दिसायला लागतात. त्यांच्यातले जे टिकले ते पहिल्या दोन दिवसांत प्रत्यक्ष भेटलेले होते. जहाजावर असणाऱ्यांचं वेगळं. त्यांचं उत्तर आठवड्यांनी आलं तरी त्याला दुर्लक्ष समजू नये, समुद्रात इंटरनेट मोजकं असतं.

आता ज्याच्यामुळे मी ‘हाय’वाल्यांना सरसकट बाजूला सारत नाही, ते सांगते. एकाने नुसतं ‘हाय’ लिहिलं होतं. फोटोत तो आंब्याच्या पेट्यांशेजारी उभा होता. मी विचारलं, ‘पेटी पाच डझनी की सहा?’ त्यानंतर त्याने मला झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट का उतरवायचा, चीक सालीवर पडला की डाग कसा येतो, अवेळी पाऊस झाला की मोहोराचं काय होतं, हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं की मी वाचत राहिले. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. अनोळखी मुलीशी सुरुवात कशी करायची एवढंच येत नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा, की प्रोफाइलमध्ये धरण्यासारखं काही असेल तर ‘हाय’ला एक प्रश्न विचारून बघायचा. त्यावरही ‘हो’, ‘नाही’, ‘हम्म’ आलं तर थांबायचं. बायकांनी एवढी संधी द्यावी असं मला वाटतं. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना घरातल्या बायका सोडून इतरांशी मोकळं बोलायची सवयच लागू दिलेली नसते.

उलट बाजूने, सुंदर पहिला मेसेज म्हणजे सज्जन माणूस असंही नाही. मला आलेले सर्वांत नीटनेटके मेसेज ज्यांचे होते, त्यांतले काही त्याच दिवशी ‘व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ म्हणाले आणि लगेच क्रिप्टोमधल्या गुंतवणुकीवर आले. काही थेट व्हिडिओ कॉलचा आग्रह धरून बसले. तो रेकॉर्ड करून पैसे मागण्याचे प्रकार होतात. मी नंबर देत नाही, बोलणं अ‍ॅपमध्येच ठेवते. कुणी फसलंच तर लाजेने गप्प बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. पहिली भेट मी मांडवीच्या किनाऱ्यावर, संध्याकाळची गर्दी असताना ठेवते आणि बहिणीला सांगून जाते.

पैसे भरून घ्यायच्या योजनांबद्दल: एका अ‍ॅपवर मी महिनाभरासाठी भरले. आपल्याला कुणी पसंत केलंय ते त्यात आधी दिसतं, पण आमच्या भागात माणसंच मोजकी, ती फुकटातही दोन-तीन संध्याकाळींत बघून होतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्याने एरवी पैसे भरू नयेत. भरायचेच तर गणपतीच्या आठवड्यात भरावेत, आणि महिना संपायच्या आत आपोआप होणारं नूतनीकरण आठवणीने बंद करावं.