डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन न मोडता फोटो बदलणं : कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

सहस्रचंद्रदर्शन, एकसष्टी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्तीचा सत्कार अशा कार्यक्रमांसाठी जुन्या फोटोंचे व्हिडिओ मी करून देते. या कामात एक गोष्ट ठरलेली असते. कच्च्या प्रतीत लावलेल्या फोटोंपैकी बरेचसे शेवटपर्यंत टिकत नाहीत. सुरुवातीला घरचे लोक हाताला लागेल ते व्हॉट्सॲपवर पाठवतात. गाण्यावर सगळं बसवून झालं, की कपाटातला मूळ अल्बम बाहेर निघतो, मामांकडे त्याच दिवसाचा स्वच्छ फोटो सापडतो, नाहीतर निरोप येतो, "ताई, यात आत्या अर्ध्याच आल्यात, हा दुसरा लावा ना." त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो : कालावधी, हालचाल, ट्रान्झिशन, रंग यांपैकी काही न हलवता आतला फोटो तेवढा बदलता येतो का?

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मी कित्येक महिने याच कामासाठी वापरते आहे. बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. ३८४० × २१६० पर्यंतचा व्हिडिओ मोफत आवृत्तीत निघतो, आणि पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीतलं एखादं इफेक्ट लावलं नाही तर वॉटरमार्क येत नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र बऱ्यापैकी हवं. त्यात काटकसर करू नका.

फोटो बदलण्याची मुख्य सोय मीडिया पूलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टमध्ये आणलेल्या फायलींच्या यादीत आहे. जुन्या फोटोवर राइट क्लिक करायचं, 'रिप्लेस सिलेक्टेड क्लिप' निवडायचं आणि नवी फाइल दाखवायची. टाइमलाइनवर, म्हणजे फोटो आणि गाणं ओळीनं मांडलेल्या पट्टीवर, तो फोटो जिथे जिथे असेल तिथे तिथे नवा येतो. किती सेकंद दिसायचा, कीफ्रेम (हालचाल ठरवणाऱ्या खुणा) कुठे आहेत, डिझॉल्व्ह (एक फोटो दुसऱ्यात विरघळणं) किती लांब आहे, सगळं जागच्या जागी राहतं.

मला रिझॉल्व्ह खऱ्या अर्थानं आवडलं ते फोटोच्या मापामुळे. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांब बाजूनं साधारण १६०० पिक्सेलचा असतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. समजा, कच्च्या प्रतीत १६०० × १२०० चा फोटो आहे आणि मूळ फोटो आला ४००० × ३००० चा. प्रीमियर प्रो या दुसऱ्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल, तर स्केल हे चित्राच्या स्वतःच्या पिक्सेलवर मोजलं जातं. १९२० × १०८० च्या टाइमलाइनवर जुना फोटो रुंदीभर बसवायला १२० टक्के लागतात. तेच १२० टक्के नव्या फोटोला लागले की त्याची रुंदी ४८०० पिक्सेल होते आणि पडद्यावर नुसतं नाक-डोळे उरतात. तिथे हवे असतात ४८ टक्के. रिझॉल्व्ह आधी पूर्ण चित्र चौकटीत बसवतं आणि झूम त्या बसवलेल्या आकारापासून मोजतं. त्यामुळे दोन्ही फोटो चाराला तीन या प्रमाणातले असतील, तर जुना झूम नव्यालाही अचूक लागतो, आणि वाढलेले पिक्सेल वाया न जाता चेहरे स्वच्छ दिसतात. एका जुन्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या मुंडावळ्या आधी पांढऱ्या डागासारख्या दिसत होत्या. फाइल बदलल्यावर त्याच हालचालीत, त्याच सेकंदाला मोती वेगवेगळे दिसायला लागले. मी दुसऱ्या कशालाही हात लावला नव्हता.

प्रमाण वेगळं असेल तर मात्र हे चालत नाही. आडव्या फोटोला रुंदीभर बसवायला मी साधारण १.३३ झूम देते. त्या जागी उभा, ३००० × ४००० चा फोटो आला, तर त्याची उंची १४४० होते आणि वर-खाली १८०-१८० पिक्सेल चौकटीबाहेर जातात. उभ्या फोटोत डोकी नेमकी वरच्या कडेला असतात, म्हणजे पगडी, फेटा, कपाळ गेलंच. म्हणून नवा फोटो आत घेण्याआधी मी तो गिंप या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्याच प्रमाणात कापते, किंवा मागे त्याचीच धूसर प्रत लावून आडवा करते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो मुद्दा. 'केलेलं सगळं काम शाबूत राहतं' हे ऐकायला छान वाटतं, पण त्यात दोन प्रकारचं काम एकत्र झालेलं असतं. एक काम गाण्याचं असतं : कुठल्या ओळीला फोटो यावा, कुठे सरकावा, कधी विरघळावा. दुसरं काम त्या विशिष्ट फोटोच्या डागडुजीचं : तिरका स्कॅन सरळ करणं, पिवळेपणा काढणं, अंधारातला चेहरा उजळवणं. फोटो बदलला की पहिलं राहायला हवं आणि दुसरं जायला हवं. रिझॉल्व्ह दोन्ही तितक्याच इमानानं राखतं. मोबाइलनं अल्बमवरून काढलेला फोटो दोन अंश फिरवून सरळ केलेला असेल, तर त्या जागी आलेला मुळात सरळ स्कॅन आता दोन अंश तिरका दिसतो. पिवळेपणा मारायला दिलेला निळा रंग चांगल्या फोटोवर चढतो आणि आजी आजारी दिसायला लागतात. आजोबांच्या चेहऱ्यावर ठेवलेली उजेडाची पॉवर विंडो (चित्राच्या ठरावीक भागापुरतीच रंगदुरुस्ती लावणारा आकार) नव्या फोटोत मागच्या भिंतीवर पडते.

म्हणून ही दोन कामं मी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवते, आणि त्यासाठी कलर पेजवरचे (रंगदुरुस्तीच्या पानावरचे) ग्रुप फार उपयोगी पडतात. जुने कृष्णधवल फोटो एका ग्रुपमध्ये घालते. सगळ्यांना सारखी हवी असलेली तांबूस छटा 'ग्रुप पोस्ट-क्लिप' पातळीवर देते आणि एकेका फोटोची दुरुस्ती 'क्लिप' पातळीवर. फोटो बदलला की फक्त क्लिपची पातळी रीसेट करायची. छटा राहते, डागडुजी जाते. सरळ करणं, ओरखडे घालवणं ही कामं तर मी रिझॉल्व्हमध्ये करतच नाही, गिंपमध्ये फाइलवरच करून घेते.

फोटोचा कंपाउंड क्लिप (आत वेगळी टाइमलाइन असलेला क्लिप) करून हालचाल बाहेरून आणि दुरुस्ती आतून, हाही एक मार्ग आहे आणि रचना म्हणून तो नीटस आहे. पण कंपाउंडमधला फोटो टाइमलाइनच्या मापाचा होऊन बाहेर येतो. नंतर खूप जवळ जायचं असेल, तर ४००० पिक्सेलचा फायदा तिथेच संपतो. हलक्या झूमला ठीक; चेहऱ्यापर्यंत जायचं असेल तर नको.

एकच फोटो सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे असतो आणि बदलायचा असतो फक्त शेवटचा, असंही होतं. मीडिया पूलमधून बदलला तर दोन्हीकडे बदलतो. अशा वेळी मी टाइमलाइनवरच्या त्या क्लिपवर एक्स दाबून तेवढा भाग मार्क करते, एफ१२ नं नवा फोटो वरच्या ट्रॅकवर ठेवते, जुना क्लिप कॉपी करून नव्यावर ऑल्ट + व्ही करते. 'पेस्ट ॲट्रिब्यूट्स'ची खिडकी उघडते, आणि काय न्यायचं ते एकेक निवडता येतं. झूम आणि पोझिशन घ्या, रोटेशनची खूण काढा, रंग नको असेल तर तोही सोडा. वर सांगितलेली विभागणी इथे आपल्या हातात येते. मग डी दाबून खालचा क्लिप बंद करायचा, काढून टाकायचा नाही. घरचे पुन्हा जुन्यावर आले तर तो तिथेच असतो. कडेचे क्रॉस डिझॉल्व्ह तेवढे नव्या क्लिपला पुन्हा लावावे लागतात. प्रीमियरमध्ये ऑल्ट दाबून नवा फोटो टाइमलाइनवरच्या क्लिपवर सोडला की एवढं सगळं एका झटक्यात होतं. वेगाच्या बाबतीत मला तेच सरस वाटतं.

नव्यानं वापरणाऱ्यांना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. कॅमेऱ्यातून आलेले ओळीनं क्रमांक असलेले फोटो रिझॉल्व्ह एकच इमेज सिक्वेन्स समजून एका क्लिपमध्ये गुंडाळतं. मीडिया पेजवर 'फ्रेम डिस्प्ले मोड' बदलून 'इंडिव्हिज्युअल' केलं की फोटो सुटे दिसतात. मी फायलींना मुळातच 'आजी_शाळा', 'आजी_लग्न' अशी नावं देते. डिस्कवरच्या फाइलवर त्याच नावाची नवी फाइल टाकण्याचा सोपा वाटणारा मार्गही मी वापरत नाही. जुनी प्रत हातची जाते, आणि व्हिडिओत नक्की कुठली प्रत लागली आहे हे नावावरून कळेनासं होतं. वेगळं नाव, वेगळी फाइल आणि मीडिया पूलमधून बदल, एवढं पाळलं की परत जाता येतं.

स्कॅन करायला देणार असाल तर आधीच सांगून ठेवा : चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० डीपीआयला १२०० × १८०० येतो, ६०० ला २४०० × ३६००. चेहऱ्यावर जायचं असेल तर ६०० च मागा. काम हातावेगळं झालं की प्रोजेक्ट 'आर्काइव्ह' करून ठेवा, नुसता एक्सपोर्ट नको. एक्सपोर्टच्या डीआरपी फाइलमध्ये फोटो नसतात. आर्काइव्हच्या डीआरए फोल्डरमध्ये फोटो आणि गाणी सोबत जातात. कार्यक्रम होऊन गेल्यावरही कुणीतरी आणखी एक चांगला फोटो घेऊन येतंच.