बार्शी लाइट संगणकावर: ओपन रेल्स की ट्रेन्झ?

1927 साली गाडी मिरजेला पोचली आणि बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं जाळं पुरं झालं. लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. सुमारे 325 किलोमीटर, रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. हे संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमध्ये उभारायचं तर पर्याय दोन, ओपन रेल्स आणि ट्रेन्झ. किमतीचा प्रश्न लगेच सुटतो: ओपन रेल्स फुकट, ट्रेन्झ विकत. खरी गोम रुळांत आहे.

ट्रेन्झमध्ये रूळ हवा तसा ताणता-वाकवता येतो. नॅरोगेजचा रूळ निवडा, बिंदू टाकत जा, तिसरा फाटा जोडला की सांधा तयार. कुर्डुवाडीच्या यार्डात ब्रॉडगेजला लागून छोट्या लायनी टाकायच्या आणि माल इकडून तिकडे करायचा असेल, तर यासारखं सोपं काही नाही. मात्र बिंदू बेताल पडले की वळणाची त्रिज्या मध्येच बदलते आणि गाडी हिसका दिल्यासारखी वळते.

ओपन रेल्समध्ये रूळ ठराविक मापाच्या तुकड्यांनी जोडायचे. मार्ग टीएसआरई या एडिटरात बांधतात. नॅरोगेजच्या संचात हवी ती त्रिज्या नसेल तर डायनॅमिक ट्रॅक, म्हणजे हव्या त्या लांबी-त्रिज्येचा रूळ, वापरावा लागतो आणि इथेच घोळ होतो. ट्रॅक प्रोफाइलच्या (रुळाच्या आडव्या छेदाच्या) फाइलमध्ये रुळाची आतली कड मध्यापासून 0.7175 मीटरवर असते, म्हणजे स्टँडर्ड गेजच्या निम्म्यावर. ती 762 मिलिमीटरच्या निम्मी, 0.381 करा, बाहेरची कडही तेवढीच आत घ्या. नाहीतर वळणापुरते रूळ फाकतात आणि चाकं मधल्या खडीवरून धावताना दिसतात. सांधे डायनॅमिक ट्रॅकने होत नाहीत, त्यांना तयार तुकडाच लागतो. प्रत्येक वाघिणीच्या फाइलमध्येही गेज लिहा. न लिहिल्यास 4 फूट 8.5 इंच, म्हणजे स्टँडर्ड गेजच, धरलं जातं आणि वळणावर गाडी उगाच जड चालते.

एवढी कटकट का सोसायची? वाफेच्या इंजिनासाठी. शेगडीचं क्षेत्रफळ, बॉयलरचा तापणारा पृष्ठभाग, चाकांची घसरण हे सगळं ओपन रेल्स हिशेबात घेतं. ब्रिटिश अभियंता कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइटची आखणीच दर आसाला 5 टन भार धरून केली होती. ते हलकं इंजिन चढावर कसं धापा टाकतं हे अनुभवायचं असेल तर ओपन रेल्सच घ्या. यार्ड आणि शंटिंगची हौस असेल तर ट्रेन्झ.

उंचीच्या माहितीची डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच. उपग्रहाच्या 30 मीटरच्या जाळीत दोन-चार मीटरची चूक सहज असते आणि 1:100 चा चढ 30 मीटरमध्ये जेमतेम 30 सेंटिमीटर चढतो. तेव्हा जमिनीवर रूळ टाकू नका. आधी रुळाचा चढ ठरवा, मग जमीन त्याला जुळवा. आजच्या ब्रॉडगेजवरून सरसकट ट्रेसिंगही नको: येडशीनंतर ती धाराशिवकडे वळते, जुनी लाइन कळंब रोडवरून लातूरला जायची.

सुरुवातीला कुर्डुवाडी–पंढरपूर पुरे. 50 किलोमीटरच्या आसपासचा हा तुकडा ओपन रेल्सच्या 2,048 मीटरच्या पंचवीस-तीस टाइल्समध्ये (जमिनीच्या चौकोनांत) बसतो; ट्रेन्झमध्ये या चौकोनांना बोर्ड म्हणतात, ते 720 मीटरचे, ते सत्तरच्या वर लागतील.