अंधारात उजेड दिसणारे ट्रान्झिस्टर

कोल्हापूरला शिरोलीतल्या एका फाउंड्रीसाठी मी पट्ट्यावरचे कास्टिंग मोजणारे काउंटर बनवले. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड पडला की करंट सोडणारा ट्रान्झिस्टर. कास्टिंग मध्ये आलं की उजेड तुटतो आणि आकडा एकने वाढतो. नेहमीचा ११ रुपयांचा ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात ४ रुपयांना मिळाला. "ओरिजिनल आहे साहेब, कंपनीचा जादा स्टॉक." बिलाशिवाय २०० नग घेतले. ही चूक माझीच.

माझ्या टेबलावर सगळं झकास चाललं. मे महिन्यात सुपरवायझरांचा फोन आला, "सकाळी नीट मोजतंय, दुपारी झोपतंय बघा." गेलो. भट्टीजवळच्या डबीत हात घालवेना, आत ६५ अंश.

पूर्ण अंधारातही फोटोट्रान्झिस्टरमधून थोडा करंट गळतो. साधारण दर १० अंशांना तो दुप्पट होतो, म्हणजे २५ वरून ६५ ला गेलं की १६ पट. चांगल्या नगात मुळात गळती इतकी नगण्य असते की १६ पटीनेही काही बिघडत नाही. म्हणून घरी येऊन मोजलं. ९ व्होल्टची बॅटरी, ट्रान्झिस्टरला जोडून १ मेगओहमचा रेझिस्टर, ट्रान्झिस्टरच्या भिंगावर काळी टेप. ड्रॉवरमधल्या जुन्या नगाने रेझिस्टरवर ४ मिलिव्होल्ट दाखवले. नव्याने ३ व्होल्ट! म्हणजे ३ मायक्रोअँपिअर, तेही गार असताना. ६५ अंशांना ते ४८ मायक्रोअँपिअर झाले, की माझ्या सर्किटमधल्या ४७ किलोओहमच्या रेझिस्टरवर सव्वादोन व्होल्ट. सर्किट १ व्होल्टच्या वर 'उजेड आहे' असंच समजतं. कास्टिंग आडवं येवो नाहीतर हत्ती.

मग मॅग्निफायरखाली ट्रान्झिस्टरचे पाय पाहिले. नव्या कथलाखाली जुनं कथील, आणि दोन्ही पाय सारख्याच लांबीचे कापलेले. भंगारातल्या बोर्डांवरून उपटलेला माल! या ट्रान्झिस्टरच्या पारदर्शक एपॉक्सीत, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकसारख्या कवचात, काळ्या आयसीसारखी सिलिका भरलेली नसते, त्यामुळे तो तापला की जास्त फुगतो. बोर्ड भाजून काढताना आतली केसासारखी तार ताणली जाते. माझे दोन नग हेअर ड्रायरने तापवल्यावर चक्क बंद पडले, गार झाल्यावर पुन्हा सुरू. आणि चिपमधलं जंक्शन, म्हणजे करंट अडवणारा सांधा, आधीच कुठल्यातरी सर्किटमध्ये जादा किंवा उलट व्होल्टेज खाऊन अर्धमेलं झालं असेल, तर गळती वाढलेलीच असते.

दुकानदार म्हणाला, "तुमच्या सर्किटमध्येच काहीतरी असेल. आणि सुटा माल परत होत नाही."

८०० रुपयांचं सोडा. सहा काउंटर उघडून पुन्हा जोडले, कोल्हापूर–शिरोली तीन खेपा, आणि फाउंड्रीने पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. आता कुठलाही लॉट आला की दहा नग काळी टेप आणि हेअर ड्रायरखालून जातात. बायको म्हणते, ड्रायर नवा घ्या, तो तुमचाच झालाय.