शिक्र्याच्या गळ्याची रेघ आणि ८ बाय ४२ ची दुर्बीण

दुर्बीण कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, बघायचं काय आहे? मोर बघायला कुठलीही चालते. माझं घोडं कित्येक वर्षं एकाच जागी अडलेलं आहे: शिक्रा, बेसरा आणि स्पॅरोहॉक हे तीन छोटे शिकारी पक्षी. तिघं साधारण कबुतराच्या चणीचे, तिघांच्या अंगावर खालून तांबूस आडवे पट्टे, आणि तिघंही दोन सेकंद दिसून पानांत घुसणार. म्हणून ही ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर रुंद पुढच्या काचेची, दुर्बीण हातात आल्यावर दोन हिवाळे आणि मधला उन्हाळा मी तिची परीक्षा याच मंडळींवर घेतली.

८ च का? दहापटीची आधी वापरून झाली. पक्षी मोठा दिसतो खरा, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते, आणि बघायचा पट्टा अरुंद झाल्याने पक्षी त्यात सापडेपर्यंत फांदी रिकामी. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटर, १० ने भागलं की ४.२, डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची ही रुंदी. झुंजूमुंजू असताना झाडाच्या पोटात बसलेला शिक्रा बघताना हा एक मिलिमीटर कळतो.

बसलेला पक्षी मिळाला की मी थेट गळा बघते. बेसऱ्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध जाड काळी रेघ, बोरूने ओढावी तशी. शिक्र्याची राखाडी, बारीक, पुसट. स्पॅरोहॉकला रेघच नाही. ती पुसट रेघ दिसते का, हीच माझी कसोटी, आणि तीस-चाळीस पावलांवरून ही दुर्बीण ती दाखवते. नराचा लालबुंद डोळा दाखवते, शिक्र्याचे जाडसर पाय आणि आखूड बोटंही दाखवते. स्पॅरोहॉकचे पाय पाहिले तर काटकुळे, बोटं लांब. कोवळ्या पक्ष्यांत मात्र छातीवर ठिपके-रेघोट्यांचा नुसता गोंधळ असतो, तिथे मी शेपटीवर येते: बेसऱ्याचे गडद पट्टे रुंद, शिक्र्याचे अरुंद. फोकसचं चाक मऊ आहे, बोटाच्या एका फिरकीत जवळून लांब जातं. चष्म्यावरूनही पूर्ण गोल दिसतो.

आता तक्रार. उजव्या डोळ्याकडची डायॉप्टरची कडी, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची कडी, ढिली आहे. पिशवीतून काढतानाच सरकते आणि कळतही नाही. एकदा वठलेल्या फांदीवर करडी पाठ, पिवळा डोळा, गळा अगदी स्वच्छ. भाचा कुजबुजला, "मावशी, रेघ नाहीये. स्पॅरोहॉक!" त्यानेही माझ्याच दुर्बिणीतून पाहिलं होतं. मी लिहूनही टाकलं. स्पॅरोहॉकच्या भुवईची पांढरी रेघ का दिसत नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मग पक्षी उडाला, डोक्यावर दोन घिरट्या घेतल्या आणि पंखाच्या टोकाची पसरलेली बोटं, म्हणजे बोटांसारखी सुटी दिसणारी पिसं, मोजता आली. पाच. स्पॅरोहॉकची सहा असतात. कडी बघितली तर दोन खुणा सरकलेली. गळ्याची पुसट रेघ पक्ष्यावर होतीच, पुसली ती माझ्या काचेने. वहीत "स्पॅरोहॉक" खोडून "शिक्रा, मादी" केलं. कंपनीला कळवलं, तर "कडी तशीच असते" असं उत्तर आलं. आता तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली आहे.

बोटं मोजता आली कारण आभाळ निळं होतं आणि सूर्य पाठीशी. पांढऱ्या ढगापुढे हीच दुर्बीण उघडी पडते: पंखाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर उमटते, बोटांमधल्या फटी तिच्यात बुजतात आणि शिक्र्याच्या नराच्या पंखाचं काळं टोक खरंच काळं आहे की झालरीमुळे दिसतंय, ते सांगता येत नाही. अशा वेळी मी "शिक्रा किंवा बेसरा" एवढंच लिहिते. माझ्या वहीत अशा नोंदी बऱ्याच आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पावशाने दोनदा गंडवलं, त्यात मात्र दुर्बिणीचा दोष नाही. तीच करडी पाठ, तीच पट्टेरी शेपूट, उडणंही तसंच; छोटे पक्षी भिऊन ओरडतात, तिथे माझं काय! चोच आकडीसारखी वळलेली नाही आणि डोळ्याभोवती पिवळं कडं आहे, हे या काचेतून स्वच्छ दिसत होतं. मी गळाच बघत बसले. मग तो "पेरते व्हा" म्हणाला.

झाडीत, सावलीत, बसलेले पक्षी बघणाऱ्याने ही खुशाल घ्यावी. डोंगराच्या धारेवर उभं राहून उडते शिकारी मोजणाऱ्याने मात्र आधी तिच्यातून पांढऱ्या ढगापुढची एखादी घार बघावी. आणि दुकानात कडी फिरवून बघा, झटका देऊन.