पहिलं बाळंतपण माहेरी की सासरी? धुळे-शिरपूरकडच्या पहिलटकरणीसाठी

सातव्यात ओटी भरली की माहेरचा मुराळी दारात येतो आणि पोरगी गाडीत बसते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यावर कुणी फारसं बोलतही नाही. मला मात्र हे दोन वेगळे प्रश्न वाटतात: बाळंत कुठे व्हायचं, आणि नंतरचा सव्वा महिना कुठे काढायचा.

समजा सासर धुळ्यात आणि माहेर शिरपूरच्या पलीकडे, बोराडी-पळासनेरच्या बाजूला. माहेरी आई आहे, हे फार मोठं बळ. कळांच्या वेळी विश्वासाचं माणूस सतत जवळ असलं की बाईला धीर येतो, सिझरचं प्रमाणही थोडं कमी होतं. पण गावाजवळच्या आरोग्य केंद्रात सिझर होत नाही. तिथून शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथूनही ‘पुढे न्या’ म्हणाले तर महामार्गाने धुळं, सुमारे ५० किलोमीटर. बाळंत झाल्यावर अंगावरून जोरात रक्त जायला लागलं, तर बाईकडे तास-दोन तासच असतात. ते रस्त्यात गेले तर हाती काय राहतं?

म्हणून माहेर असो की सासर, दवाखाना ठरवताना इमारत बघू नका. सिस्टरना सरळ विचारा: रात्री दोनला सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ कुठून येतो, किती वेळात येतो? रक्त इथेच मिळतं की आणावं लागतं? बाळ रडलं नाही तर त्याला कुठे हलवता? उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली, तर तेही उत्तरच समजा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, बीपी वाढलेलं असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल किंवा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बाळंतपण धुळ्यातच करा. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो. तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. सगळे रिपोर्ट चांगले असतील, तर शिरपूरला होऊ शकतं, पण आधी तिथे नाव नोंदवून आणि एकदा तपासून. आयत्या वेळी नुसती फाईल घेऊन जाऊ नका.

धुळ्यात सरकारी की खासगी? २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नॉर्मल, सिझर, औषधं, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी सगळं मोफत आहे. धुळ्याच्या सरकारी हिरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गर्दी असते, पण डॉक्टर रात्रीही असतात. खासगीत एकच डॉक्टर शेवटपर्यंत बघतात, निवांतपणा मिळतो. पॅकेजमध्ये बाळाची काचपेटी आणि रक्त धरलंय का, तेवढं आधीच विचारून घ्या.

मग आईचं काय? आईलाच नवव्या महिन्यात धुळ्याला बोलवा. विहिणीच्या घरी राहायला तिला संकोच वाटेल, तेव्हा सासूबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं तर बरं. पिशवीत फाईल, सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, आधार, बाळासाठी जुन्या धुतलेल्या सुती कपड्याचे तुकडे. कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या की निघा. पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न बघता १०८ लावा.

आणि सव्वा महिना? तो माहेरीच काढा. टाके ओले असताना भाकरी थापायला कुणी लावत नाही, रात्री बाळ रडलं तर आई घेते, दूध पाजायला निवांत वेळ मिळतो. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर खुशाल खा. मात्र तीन गोष्टींवर वाद झाला तरी चालेल: बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी नको, बाळाला मध किंवा घुटी नको, आणि बाळंतिणीचं पाणी तोडायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्यात कानाला फडकं बांधून, तहान मारून बसवलेली बाई आजारी पडणारच. दवाखान्यातून सुट्टी मिळताना आईला सोबत घ्या आणि या तिन्ही गोष्टी सिस्टरच्या तोंडून तिला ऐकवा. लेकीचं म्हणणं घरात उडवून लावतात, सिस्टरचं ऐकतात.