ऑटोबाइंड-डेकोरेटर: जुन्या प्रोजेक्टला चालेल, नव्यात घालू नका

चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी हिंजवडी-खराडीत लिहिलेले डॅशबोर्ड वर्षानुवर्षं चालत राहतात, आणि त्यातला बराच रिॲक्टचा (स्क्रीन बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा) कोड अजून क्लास कंपोनंटचाच असतो. तिथे बटणाला मेथड (क्लासमधलं फंक्शन) नुसती देऊन टाकली की क्लिकनंतर ‘धिस’ (मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते तो) अनडिफाइन्ड निघतो, कारण क्लासमधला कोड कायम स्ट्रिक्ट मोडमध्ये चालतो. कन्स्ट्रक्टरमध्ये बाइंडच्या, म्हणजे ‘धिस’ पक्का बांधून देणाऱ्या, ओळींची रांग लावायची नसेल तर एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारातलं ऑटोबाइंड-डेकोरेटर घ्यायचं आणि मेथडच्या डोक्यावर @बाउंडमेथड हा डेकोरेटर (मेथडचं वागणं बदलणारी खूण) लिहायचा.

आतली रचना हुशार आहे. मेथडच्या जागी प्रोटोटाइपवर (क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टच्या सामायिक साच्यावर) एक गेटर, म्हणजे प्रॉपर्टी मागितली की चालणारं फंक्शन, बसतो. इन्स्टन्सवरून (क्लासपासून बनलेल्या ऑब्जेक्टवरून) मेथड पहिल्यांदा मागितली की तेव्हाच बाइंड होतं आणि तयार झालेलं फंक्शन त्या इन्स्टन्सवर ठेवलं जातं. पुढे दर वेळी तेच फंक्शन हाती येतं, त्यामुळे लिसनर (क्लिकसारख्या घटनेला जोडलेलं फंक्शन) काढणारं रिमूव्हइव्हेंटलिसनर नीट चालतं. लिसनर लावताना आणि काढताना वेगवेगळं बाइंड केलं तर दोन निराळी फंक्शन्स होतात आणि लिसनर निघतच नाही, ती भानगड इथे नाही. मेमरीही वाचते: पडद्यावर 1000 मशीनच्या ओळी आणि प्रत्येकीत 4 मेथड असल्या, तरी ज्यांना हात लागला तेवढ्याच बाइंड होतात.

खरा खड्डा इनहेरिटन्समध्ये आहे. पालक क्लासमध्ये ‘सेव्ह’वर डेकोरेटर आहे, मुलाच्या क्लासने ‘सेव्ह’ ओव्हरराइड केलं, वर डेकोरेटर लावला नाही, आणि आतून सुपर-डॉट-सेव्ह, म्हणजे पालकाचं ‘सेव्ह’, बोलावलं. पहिला कॉल बरोबर जातो. पण त्या सुपरमुळे पालकाचा गेटर चालतो आणि पालकाचंच फंक्शन इन्स्टन्सवर चिकटवतो. दुसऱ्या कॉलपासून मुलाचा कोड गायब! एररही येत नाही. उपाय एकच, मुलाच्या मेथडवरही डेकोरेटर लावा. टेस्टमध्ये मेथड एकदाच बोलावली असेल तर हे सापडणार नाही. सलग दोनदा बोलवा.

आता मुख्य अडचण. हे पॅकेज जुन्या पद्धतीच्या डेकोरेटरसाठी लिहिलेलं आहे, म्हणजे टार्गेट, नाव आणि डिस्क्रिप्टर (प्रॉपर्टीचं वर्णन देणारा ऑब्जेक्ट) असे तीन आर्ग्युमेंट. जावास्क्रिप्टचं प्रमाण ठरवणाऱ्या टीसी39 समितीचा डेकोरेटरचा नवा प्रस्ताव मार्च 2022 मध्ये तिसऱ्या टप्प्यात गेला आणि मार्च 2023 च्या टाइपस्क्रिप्ट 5.0 ने तो कुठल्याही फ्लॅगशिवाय स्वीकारला. त्यात दोनच आर्ग्युमेंट येतात: मेथड आणि कॉन्टेक्स्ट (मेथडचं नाव वगैरे माहितीचा ऑब्जेक्ट). डिस्क्रिप्टर नसल्यामुळे बेबल या कोड रूपांतर करणाऱ्या टूलच्या नव्या मोडमध्ये क्लास लोड होतानाच टाइपएरर येतो, टाइपस्क्रिप्टमध्ये कम्पाइललाच 1241 नंबरची एरर. पुणेरी पाटीसारखा तोंडावर नकार. ग्राहकासमोर क्लिकला फुटण्यापेक्षा हे बरं.

नव्या मोडसाठी पॅकेजची गरजच उरत नाही. फंक्शन लिहा, कॉन्टेक्स्टमधून नाव घ्या, कॉन्टेक्स्टच्या ॲडइनिशियलायझरला, म्हणजे इन्स्टन्स बनताना चालवायचा कोड नोंदवणाऱ्याला, साधं फंक्शन द्या (ॲरो नको, त्यात ‘धिस’ इन्स्टन्स नसतो) आणि आत धिसवरच्या त्या नावाला बाइंड केलेली प्रत नेमा. मेथड प्रायव्हेट असेल तर आधीच स्पष्ट एरर फेका, कारण हॅशवाल्या मेथडला कंसात नाव देऊन गाठता येत नाही. मेथडचे इनिशियलायझर फील्डच्या आधी चालतात, म्हणून फील्डमध्ये ती मेथड नेमली तरी बाइंड झालेलीच मिळते. वरचा इनहेरिटन्सचा घोळही मिटतो: बाइंड होताना मुलाची मेथड सापडते आणि सुपर प्रोटोटाइपवरची साधी मेथड उचलतो.

याची किंमत अशी की बाइंड आळशी राहत नाही, म्हणजे मेथड मागितली जाईपर्यंत थांबत नाही. त्या 1000 ओळींत 4000 फंक्शन्स सुरुवातीलाच तयार होतात. शिवाय इन्स्टन्स बनल्यावर प्रोटोटाइपवर लावलेला जेस्ट या टेस्टिंग टूलचा स्पाय (कॉल टिपणारा हेर) काही पकडत नाही, तो आधी लावा.

पूर्ण क्लासवर लावायचं @बाउंडक्लास मात्र टाळाच. कोणती मेथड बाहेर दिली जाते हे वाचणाऱ्याला कळत नाही.

नेस्टजेएस या सर्व्हर फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये जुन्या डेकोरेटरचं सेटिंग, एक्सपेरिमेंटलडेकोरेटर्स, चालूच ठेवावं लागतं, आणि दोन्ही मोड एका टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) नांदत नाहीत. तिथे जुनं पॅकेजच ठेवा. मॉबएक्स ही स्टेट सांभाळणारी लायब्ररी वापरत असाल तर ॲक्शन-डॉट-बाउंड आहेच, वेगळं काही इन्स्टॉल करू नका.