राजवाड्याजवळचं सलून : कटिंगला जा पण जरा वेळ काढून जा

कटिंग एक नंबर आहे, ते आधी सांगतो. कात्री हलकी चालते, ब्लेड दरवेळी पाकिटातनं नवीन काढतात, दाढी झाली की तुरटी फिरवतात. कटिंग-दाढी मिळून १३० रुपये. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या बोळात दोन खुर्च्यांचं दुकान, पाटीवर नुसतं हेअर कटिंग सलून, सोमवारी बंद.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. इथं भाजपचे कमळवाले पण येतात आणि शरद पवारांचे तुतारीवाले पण, बाकावर राजकारण जोरात चालतं, आणि कटिंग करणाऱ्या मामांचा एकच नियम, ज्याचं चाललंय त्याचं पुरं होऊ द्यायचं. मध्येच कोणी बोललं की ते कात्री थांबवतात आणि आरशातनं बघून म्हणतात, "दादा, त्यांचं होऊ दे की." बास.

२०२४ च्या लोकसभेनंतर माझं आणि आमच्या तात्यांचं, म्हणजे सख्ख्या चुलत्यांचं, बोलणं बंद होतं. माझं म्हणणं उदयनराजेंचं, म्हणजे कमळाचं, लीड ३२ हजारांचं आणि तुतारीसारख्याच पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला पडली ३७ हजार, ती तुतारीची मतं होती, ते म्हणायचे हरलं की कारणं सुचतात. त्यावरनं मी घरच्या ग्रुपवर त्यांना 'विकले गेलात' असं लिहिलेलं. गणपतीत एका आरतीला उभं राहूनसुद्धा आम्ही बोललो नाही.

एका रविवारी मी खुर्चीत, तोंडाला फेस, वस्तरा हनुवटीखाली, आणि तात्या बाकावर येऊन बसले. कुणीतरी विषय काढला आणि ते बोलायला लागले. वस्तरा गळ्याशी असताना तोंड उघडता येत नाही, मान हलवता येत नाही, त्यामुळं त्यांचं बोलणं मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. २०१९ ला पवार साहेबांच्या पावसातल्या सभेत ते भिजत उभे होते, मत श्रीनिवास पाटलांना दिलं, पण साताऱ्याच्या गादीच्या, म्हणजे उदयनराजेंच्या, विरोधात बटण दाबलं हे मनाला खात राहिलं, मग २०२३ ला राष्ट्रवादी पक्षच फुटला, घड्याळ चिन्ह एकीकडं आणि साहेब दुसरीकडं, तेव्हा त्यांनी ठरवलं आता मनाला पटेल तिथं मत द्यायचं. आणि मग हळू आवाजात, "पुतण्या विकला गेलेला म्हणतो, ते लागलं."

पावसात ते उभे होते हे मला माहीतच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं मी.

तुरटी फिरवून झाल्यावर उठलो, तात्यांच्या पाया पडलो आणि चुकलं म्हणलो. पिपाणीचं माझं मत आजही तेच आहे, पण तो शब्द मी लिहायला नको होता. तात्या खुर्चीत बसले, मामांनी फेस लावायला घेतला आणि ते आरशातनंच म्हणले, "तुझं ते पिपाणीचं सांग बघू आता नीट, मी काय मध्ये बोलत नाही."

दाढी होईपर्यंत सांगत होतो.

रविवारी आठच्या आत जा, नाहीतर तासभर नंबर लागत नाही. गाडी बोळात लावायला जागा नाही.